राजापूरकडचं पडकं घर: पाडावं की उभं करावं?

प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आजोबांचं घर आहे, पंधरा-सोळा वर्षं बंद. मागची पडवी बसली आहे, माजघरावरचं छप्पर एका अंगाने खाली आलंय, गोठ्याच्या नुसत्या भिंती उरल्यात. विहीर आहे, दोन एकर कलमं आहेत. पुण्यातल्या दोघा भावंडांना ते आधुनिक सोयींचं, स्वतःपुरतं, अधूनमधून येऊन निवांत राहता येईल असं करायचंय. भाड्याने द्यायचं नाही. गावातला कंत्राटदार म्हणतो, पाडा आणि स्लॅबचा बंगला बांधा. काय करावं?

पाडू नका. पण दुरुस्ती स्वस्त पडेल या हिशेबाने उतरणार असाल तर आधीच सांगतो, पडणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुनी घरं उभी करण्याचंच काम मी इतकी वर्षं करतोय. नीट केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा नव्या साध्या बांधकामाच्या आसपास जाते, कधी थोडी वरही. तरी पाडू नका म्हणतो, कारण तुमच्याकडे दीड-दोन फुटी जांभ्याच्या भिंती आणि कमरेएवढं जोतं आहे. ते पावसात मुरून, बसायचं तेवढं बसून स्थिर झालंय. त्या जाडीची भिंत आज तुम्हाला कोणी बांधून देणार नाही आणि तुम्हीही दर ऐकून बांधायला सांगणार नाही. एप्रिलच्या दुपारी स्लॅबच्या बंगल्यात आणि जुन्या माजघरात पाच-पाच मिनिटं उभे राहून या, मग वाद उरत नाही.

खरा प्रश्न पाडावं की राखावं हा नाहीच. तुमच्या आजोबांच्या वेळी घरात बारा महिने माणूस होतं. चुलीचा धूर रोज माळ्यावर जायचा, त्याने वासे कोरडे राहायचे आणि किडा लागायचा नाही. दर मे महिन्यात कौलं चाळली जायची, फुटलेली बदलली जायची. जमीन सारवली जायची, दारं उघडी असायची. घर त्या राबत्यावर टिकलं. तुम्ही वर्षातून फार तर चाळीस दिवस येणार. म्हणजे तुम्हाला बंद राहणारं घर बांधायचंय. दर निर्णयाला मी एकच प्रश्न विचारतो: जुलैचा तिसरा आठवडा, तीन दिवस वीज नाही, दारं बंद, घरात कोणी नाही, अशा वेळी या वस्तूचं काय होईल? या प्रश्नावर मुंबईच्या मासिकांतल्या निम्म्या कल्पना गळून पडतात.

कागदांचं लवकर आटपतो, पण पैसे काढण्याआधी हेच करायचं. सातबारा, आठ-अ आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा काढा. घर गावठाणात आहे की शेतजमिनीत, हे बघा. वारस नोंदी पूर्ण आहेत का? आत्यांची आणि त्यांच्या मुलांची नावं लागलीत का? कोकणातलं बहुतेक प्रत्येक घर सामाईक असतं, आणि दहा वर्षं ढुंकून न बघणारे हिस्सेदार नवीन कौलं चढली की हटकून येतात. सगळ्यांची लेखी संमती घ्या. जमलं तर आधी वाटप करून घ्या, कारण खर्च केला म्हणून हिस्सा वाढत नाही. पडकं घर आहे त्या स्थितीत मोजून त्याचा नकाशा करा आणि चारी बाजूंनी तारखेसह फोटो काढा. जुनं बांधकाम किती आणि कुठे होतं, याचा पुढे तोच पुरावा. आवारातलं झाड तोडायचं असेल तर सांभाळून. सागवान, ऐन, किंजळ, आंबा, फणस, खैर, जांभूळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड तुमचं असलं तरी परवानगी लागते.

आता घर. सुरुवातीलाच काही बांधायचं नाही. आधी साफ करा, झाका आणि बघा. भिंतीत पिंपळ किंवा उंबर रुजलेला असणारच. तो ओढून काढायचा मोह होतो आणि त्याच्याबरोबर चार चिरे, म्हणजे भिंतीतले जांभ्याचे दगड, निघून येतात. बुंधा कापा, औषध लावून मुळं मरू द्या, भिंत उघडाल तेव्हा ती सुटी काढा. खाली आलेल्या छपरातली कौलं आणि लाकूड एकाच ढिगात टाकू देऊ नका. कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचं: खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ही कौलं हळूहळू किनाऱ्याने वर पसरली. तुमच्या छपरावर तशी जुनी छापाची कौलं असतील तर ती आजच्या कित्येक नव्या कौलांपेक्षा चांगली भाजलेली निघतात. भंगारवाल्याला देऊ नका.

छप्पर गेलेल्या भागात भिंतीचं डोकं उघडं पडलंय, आणि तुमच्या घराला आत्ता सगळ्यात मोठा धोका तोच आहे. या भिंती बहुधा मातीत बांधलेल्या आहेत. वरून पाणी शिरलं की आतली माती वाहून जाते, बाहेरचा आणि आतला थर सुटे होतात आणि भिंत पोट काढते. दुरून सरळ दिसते. ओळंबा लावला की कळतं. या पावसाळ्याआधी दुसरं काही झालं नाही तरी चालेल, पण भिंतींच्या डोक्यावर पत्रे किंवा जाड ताडपत्री दगड ठेवून पक्की करा.

लाकूड तपासायचं ते मधे नाही, टोकांना. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, खांबाचा जोत्यावर टेकलेला पाय आणि वाशांची पागोळीकडची शेवटची फूटभर लांबी, या तीन जागा. आधी हातोडीने ठोकून आवाज ऐका, मग जाड पेचकस दाबून बघा. सागवान किंवा किंजळीच्या गाभ्यात तो जेमतेम खूण करतो. कुजलेल्या जागी मुठीपर्यंत जातो. एक टोक गेलं म्हणून सुतार अख्खी तुळई बदलायला सांगतो. तशी गरज नसते. कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापायचा, त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडून बोल्ट मारायचे आणि भिंतीतली बैठक दगडाची करून टोकाच्या तिन्ही बाजूंना बोटभर पोकळी सोडायची. ती पोकळी सिमेंटने बुजवलेली दिसली तर गवंड्याला तिथेच थांबवा. सिमेंटमध्ये कोंडलेलं लाकूड घाम धरतं आणि पुन्हा तिथूनच जातं.

सिमेंटबद्दल माझं मत कडक आहे. मातीत बांधलेल्या जांभ्याच्या भिंतीला बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा केला की पहिली दोन वर्षं घर देखणं दिसतं. जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतून ओल चढणार, पावसाची झड आत मुरणार, आणि ती बाहेर पडायची वाट तुम्ही बंद केलेली. मग रंग फुगतो, लोणा म्हणजे पांढरा खार धरतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा करा आणि चिऱ्यांमधले सांधेही चुन्यानेच भरा. गवंडी नाखूष होईल, कारण चुन्याला वेळ लागतो आणि पाणी मारत बसावं लागतं. जुना हात असलेला एक तरी गवंडी शोधून आणा. वाळू खाडीची नको, तिच्यातलं मीठ आयुष्यभर भिंतीतून बाहेर येत राहतं. रिसॉर्टवाले उघड्या जांभ्यावर चकचकीत लॅकर मारतात, तेही नको. पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंतींना झड सगळ्यात जास्त लागते. तिथे पूर्वी पावसाळ्यापुरत्या माडाच्या झापांच्या ताट्या बांधत. तुम्ही त्या बाजूला पडवी वाढवा.

कोसळलेला कोपरा पुन्हा बांधताना जुने चिरे मोजून-मांडून वापरा, आणि छपराखाली चारी भिंतींच्या डोक्यावरून फिरणारा सलग काँक्रीटचा पातळ पट्टा घाला. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या अजून लक्षात आहे. मातीतल्या भिंती अशा वेळी कोपऱ्यांत उघडतात, पट्टा त्यांना एकत्र धरतो. छपराची भिंतपट्टी, म्हणजे वासे ज्यावर टेकतात ते भिंतीवरचं आडवं लाकूड, तेही त्यालाच बांधता येतं. त्याचं काम पुढे येतंच आहे.

छपरावर मी सगळ्यात जास्त वेळ आणि तुमचे सगळ्यात जास्त पैसे घालवणार. कोकणातल्या कौलांचा आजचा पहिला शत्रू पाऊस नाही, वानर आहे. पंधरा-वीस जणांचा कळप आंब्यावरून छपरावर उतरला की दहा कौलं सरकतात, चार फुटतात. बंद घरात ते दोन महिने कळत नाही, तोवर खालची तुळई भिजून निघते. म्हणून नुसत्या रिपांवर कौलं हे जुनं छप्पर तुमच्यासारख्यांना चालणार नाही. दोन मार्ग आहेत. पहिला: वाशांवर लाकडी फळ्या, त्यावर पाणी अडवणारी पण वाफ सोडणारी चादर, तिच्यावर उभ्या पट्ट्या, आडव्या रिपा आणि मग कौलं. वर कौल फुटलं तरी पाणी चादरीवरून घरंगळत पागोळीला येतं. खालून बघताना घर जुनंच दिसतं. दुसरा: लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, रंगीत पत्रा आणि वर शोभेला कौलं. हा स्वस्त आणि लवकर होणारा, पण पत्रा आणि कौलं यांच्यात हवा खेळती ठेवली नाही तर उन्हाळ्यात भट्टी होते, आणि थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो. माझा सल्ला, मुख्य घराला पहिला आणि गोठ्याला दुसरा.

उतार तीस अंशांपेक्षा कमी करू नका; पुढे बाल्कनी हवी म्हणून छप्पर चपटं करणारे भेटतात. पागोळी भिंतीपासून निदान तीन फूट बाहेर पडली पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडात छपरांची काय दशा झाली ते त्या भागात काम करणाऱ्या सगळ्यांनी पाहिलंय. वारा पागोळीखालून शिरतो आणि छप्पर उचलतो. जुनी छपरं स्वतःच्या वजनाने बसलेली असत. तुम्ही प्रत्येक वासा भिंतपट्टीला लोखंडी पट्टीने आणि भिंतपट्टी काँक्रीटच्या पट्ट्याला बोल्टने जखडा. हे काम कौलांखाली लपतं, म्हणून कौलं चढण्याआधी स्वतः येऊन मोजा. पन्हळी लावायच्या नाहीत. आंब्या-फणसाच्या पानांनी त्या जूनमध्येच तुंबतात आणि साफ करायला तुम्ही नसता. पागोळ्या सरळ खाली पडू द्या, त्यांच्या रेषेत दगडी चर काढून पाणी उताराला लावा. छपरात मधे-मधे काचेची कौलं बसवा. दिवसा दिवा लावावा लागत नाही आणि कुठे गळतंय तेही उजेडात दिसतं.

आधुनिक सोयींमध्ये बहुतेक जण चुकतात ते संडास-न्हाणीघराच्या जागेत. जुन्या खोलीच्या कोपऱ्यात फरशी-टाइल लावून कोंबायचं आणि मातीच्या भिंतीत खाचा मारून नळ घालायचे, म्हणजे भिंतीला आतून रोज पाणी पाजणं. तुमची मागची पडवी पडलीच आहे, ती जागा सोन्यासारखी आहे. तिथे नवीन, स्वतंत्र पायाची, काँक्रीट आणि चिऱ्यांची लांबट पट्टी उभी करा. त्यात दोन न्हाणीघरं, संडास, स्वयंपाकघराचं ओटा-मोरीचं अंग आणि कपडे धुण्याची जागा बसवा. जुन्या भिंतीला ती चिकटवायची नाही, मधे सांधा सोडायचा. नवा पाया बसेल तसा बसू दे. पाण्याचे सगळे पाइप या पट्टीत आणि उघडे. जुन्या घरात थेंब नाही. मग माजघर, ओटी आणि देवघर जसंच्या तसं राहतं, आणि तुम्हाला हवं तेवढं आधुनिक मागे करता येतं.

सेप्टिक टाकीचा शोषखड्डा विहिरीपासून साठ फुटांच्या आत नको, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर अजिबात नको. जांभ्यातून पाणी चाळणीसारखं उतरतं आणि खाली शेडीच्या, म्हणजे चिकण मातीच्या, थराला अडून आडवं चालतं. शेजाऱ्याची विहीर कुठे आहे, तेही बघा. तुमची विहीर मे महिन्यात किती उरते हे गावात विचारा, गाळ काढून घ्या आणि त्याच मे महिन्यातल्या पाण्यावर सगळा हिशेब बसवा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. हजार चौरस फूट छपरावरून, वाया जाणारं धरूनही, दोन लाख लिटरच्या वर पाणी मिळतं. पण ते चार महिन्यांत मिळतं, आणि मेपर्यंत साठवायला टाकी परवडत नाही. पागोळ्यांच्या चरांचं पाणी गाळून विहिरीच्या वरच्या बाजूला मुरवा, तेवढं पुरे. तरणतलाव हवा असं तुमच्या पत्रात ओझरतं आलंय. दहा महिने न वापरलेल्या तलावात काय होतं, ते मी लिहीत नाही. विहिरीवर चांगला कठडा, पायऱ्या आणि पंप करा, मुलांना त्यातच जास्त मजा येईल.

एसी लावायचा असेल तर एकाच खोलीत. कौलारू घर मुळात हवा सोडणारं असतं. तिथे एसी चालवणं म्हणजे खळ्याला थंड करणं. बाळंतिणीची खोली किंवा तशी एखादी कोपऱ्यातली लहान खोली लाकडी छत आणि घट्ट दारं घालून बंद करा, लॅपटॉपचं कामही तिथेच. बाकी घराला उंच छप्पर आणि समोरासमोरच्या खिडक्या पुरतात. वीज पडणं आणि दाब वरखाली होणं हे पावसाळ्यात रोजचं. अर्थिंग नवीन करा, विजेची गळती झाली की आपोआप बंद होणारा आरसीसीबी आणि विजेची अचानक येणारी लाट अडवणारं उपकरण मुख्य पेटीतच बसवा. निघताना फक्त पंप आणि बाहेरचा एक दिवा चालू राहील, असं वेगळं सर्किट ठेवा. सोलरची पॅनेलं मुख्य घराच्या कौलांवर नकोत, गोठ्याच्या छपरावर घाला.

गोठ्यात तुम्हाला हवी ती हौस करा. चार भिंती आहेत, छप्पर नाही, जुन्या लाकडाची आठवण नाही. एका बाजूची भिंत उघडून बागेकडे मोठी काच बसवायची असेल तर तिथे बसवा, पण वर आठ फुटांची पडवी घेऊन आणि पश्चिमेला नाही. पाहुण्यांची खोली, पुस्तकं, झोपाळा, जे मुख्य घरात शोभणार नाही ते इथे.

आतल्या सामानात प्लायवूड आणि एमडीएफ अजिबात नको. ऑगस्टमध्ये बंद कपाटाच्या मागच्या फळीवर पांढरी-हिरवी बुरशी धरते आणि वाळवीला आमंत्रण जातं. भिंतीतले कोनाडे आणि कडप्प्याची फडताळं करा. कपाट हवंच तर पायांवर उभं, भिंतीपासून चार बोटं पुढे, जाळीच्या दारांचं. जमिनीला खाली रबल सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर प्लास्टिकची चादर आणि वर लाल कोबा किंवा आतंगुडीच्या हातघडणीच्या फरश्या. लाकडी फ्लोअरिंग नको. गाद्या कमी ठेवा आणि पावसाळ्यात त्या माळ्यावर न टाकता त्याच एका घट्ट खोलीत रचा. भिंतीच्या वरच्या भागात आणि आढ्याजवळ हवा जायच्या जागा ठेवा, त्यांना बारीक स्टेनलेस जाळी. वटवाघळं, घुशी आणि साप हे तिघेही अंगठ्याएवढ्या फटीची वाट बघत असतात. न्हाणीघराच्या जाळीखालचं पाणी सुकलं की गटाराचा वास आणि झुरळं दोन्ही वर येतात, म्हणून निघताना तिथे तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल.

आणि माणूस. वाडीतल्या एखाद्या घराला महिन्याचा ठरलेला पगार द्या. ‘येता-जाता लक्ष असू दे’ असं सांगितलं की कोणीच येत नाही. आठवड्यातून दोनदा सगळी दारं-खिडक्या उघडायच्या, माळ्यावर दिवा फिरवून ओल बघायची, नळ सोडायचे. मागच्या अंगणात एक चूल ठेवा. मंगळवार-शुक्रवार ती पेटली तरी बरं.

वेळेचं गणित कागदावर दिसतं तसं नसतं. बांधकाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेर. त्यातून भातकापणीला माणसं मिळत नाहीत, शिमग्याला पंधरा दिवस गाव जागेवर नसतं, एप्रिल-मेमध्ये सगळे आंब्यात. पावसाळ्यात चिरेखाणी बंद, म्हणून चिरे आदल्या उन्हाळ्यात आणून ठेवा. ते उघड्यावर पडून टणकही होतात. तुमच्या घराला दोन हंगाम धरा. पहिल्यात कागद, सफाई, भिंती आणि तात्पुरते पत्रे. दुसऱ्यात छप्पर, मागची पट्टी आणि आतलं काम. कौलं २० मेच्या आत चढली नाहीत तर पुढच्या वर्षावर ढकला, घाईने अर्धवट उघडं ठेवू नका.

गवंड्याच्या आधी सुतार ठरवा. छप्पर कसं येणार हे ठरल्याशिवाय भिंतीची उंची ठरत नाही. एकरकमी ठेका देऊ नका, जुन्या घरात काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. दर ठरवून मोजमापाने बिल घ्या. आणि छपराच्या बिलातले शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा सरल्यावर, दसऱ्याला द्यायचे, हे काम सुरू होण्याआधीच लिहून घ्या. चांगला सुतार याला हरकत घेत नाही.